गुरूंना नको असलेलं उत्तर : इरावती कर्वे यांचं बर्लिनमधलं शिक्षण



इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेलं मूल घरात असेल, तर हल्ली जर्मनीचा विषय निघतोच. तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी फारशी नाही, तांत्रिक विषयांचं मास्टर्स चांगलं होतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. आपण पालक मग चौकशीला लागतो. कर्ज किती लागेल? जर्मन भाषा किती यायला हवी? पुढं नोकरी मिळेल का? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्या प्राध्यापकाच्या हातात मुलाचे गुण आहेत, त्यालाच नको असलेलं उत्तर प्रयोगातून निघालं, तर आपलं मूल प्रबंधात काय लिहील?

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ही वेळ एका मराठी विद्यार्थिनीवर आली होती. तिचं नाव इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. मराठीच्या तासाला त्यांची ओळख करून देताना मात्र त्यांच्या जर्मनीतल्या शिक्षणाचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. आज त्या एका ओळीत काय दडलंय ते पाहू.

बर्मा ते पुणे

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, बर्मामधल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथं एका कापूस कंपनीत नोकरीला होते. मुलीचं नाव त्यांनी तिथल्या इरावती नदीवरून ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. विचार करा, सात वर्षांची मुलगी, आईवडील समुद्रापलीकडे! परक्या गावात राहून शिकायचं म्हणजे काय, हे तिला जर्मनीला जाण्याच्या किती तरी आधी कळलं असणार.

पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या घरी तिला घरच्या मुलीसारखं प्रेम मिळालं. पुस्तकांचं, वादविवादाचं, मोकळ्या विचारांचं ते घर. पुढं फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. मग दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात त्यांनी एम. ए. केलं. दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव.

घरचा विरोध आणि कर्ज

इथं एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ज्या महर्षी कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, त्यांनाच सुनेनं शिकायला परदेशी जाणं पसंत नव्हतं. मोठी माणसंही आपल्या काळाची असतात. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत शिक्षण घेतलं होतं. वडिलांचं मत बाजूला ठेवून ते बायकोच्या पाठीशी उभे राहिले. पैशांचा प्रश्न होताच. त्यासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं. हेच मेहता पुढं १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

म्हणजे कर्जाचं ओझं तेव्हाही होतं, भाषेचंही होतंच. प्रबंध जर्मन भाषेतच लिहायचा होता. आणि नापास होऊन परत येण्याची सोय तर अजिबातच नव्हती. घरच्यांचा विरोध पत्करून, दुसऱ्याचे पैसे घेऊन गेलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परतणं किती जड जाईल, ते तुम्ही-आम्ही समजू शकतो.

कवट्या आणि कॅलिपर

बर्लिनमध्ये १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा सुरू झाली होती. विषय होते मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र. संचालक होते ऑयगेन फिशर. आपल्या विषयातलं जर्मनीतलं हे फार मोठं नाव. १९०८ मध्ये आजच्या नामिबियात, म्हणजे त्या वेळच्या जर्मन वसाहतीत, जाऊन त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती, आणि वंशांची सरमिसळ वाईट असा निष्कर्ष काढला होता. इरावतीबाईंना मार्गदर्शक मिळाले ते हे.

फिशर यांचा एक अंदाज होता. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि हीच त्याच्या जास्त बुद्धीची खूण. इतर वंशांत हे दिसणार नाही, असं त्यांना वाटत होतं. इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता माणसाच्या कवटीची नेहमीची असमानता.

हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. कवटीवरच्या ठरावीक खुणा शोधायच्या, मध्यरेषा धरायची, कॅलिपरनं डाव्या आणि उजव्या बाजूची अंतरं घ्यायची. फरक अगदी बारीक असतो, त्यामुळे हात जरा हलला तरी आकडा बदलतो. म्हणून तेच माप पुन्हा घ्यायचं. मग सगळ्या आकड्यांची गटवार तुलना करायची. इरावतीबाईंनी अशा १४९ कवट्या मोजल्या. अशा संग्रहांमध्ये तेव्हा वसाहतींमधून आणलेले मानवी अवशेषही असत, हेही विसरून चालणार नाही. ती कुणाची तरी माणसं होती.

आकडे हाती आले, आणि त्यांतून वेगळंच दिसलं. असमानता होती, पण ती सगळ्याच गटांत होती. वंशाचा आणि कवटीच्या असमानतेचा काही संबंध दिसत नव्हता. म्हणजे गुरूंचा अंदाज त्या आकड्यांवर टिकत नव्हता.

आता त्या विद्यार्थिनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय पंचविशीच्या आत. परका देश, डोक्यावर कर्ज. समोर त्या विषयातला सर्वांत वजनदार माणूस. आकड्यांना थोडं इकडं-तिकडं करायला कितीसा वेळ लागतो? निष्कर्ष गुळमुळीत लिहिला असता, तरी कुणी जाब विचारला नसता.

इरावतीबाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. डॉक्टरेट मिळाली, पण उत्तीर्ण होण्यापुरती, सर्वांत खालच्या श्रेणीत. १९३० मध्ये त्या पदवी घेऊन परत आल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांचं वंशशास्त्र नाझी राजवटीच्या कामी आलं. ज्या विचाराला आधार द्यायचं इरावतीबाईंच्या आकड्यांनी नाकारलं होतं, त्या विचारानं पुढं किती माणसांचा बळी घेतला ते आपण इतिहासात शिकवतो.

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधानं तो अनर्थ थांबला नाही, थांबणारही नव्हता. पण त्या खोट्याच्या ढिगात तिच्या हातचा एकही आकडा पडला नाही. हे काही थोडं नाही.

परत आल्यावर

खालची श्रेणी त्यांच्या आड आली का? नाही. आधी त्या एसएनडीटी विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तिथंच त्यांचं काम चाललं. बर्लिनमध्ये शिकलेलं मोजमापाचं तंत्र त्यांनी टाकून दिलं नाही. ते घेऊन त्या महाराष्ट्रभर, देशभर हिंडल्या. त्या मोजमापांतून आणि माणसांच्या चालीरीतींच्या निरीक्षणातून त्यांनी मांडलं, की एकाच नावानं ओळखली जाणारी जात म्हणजे पुष्कळदा वेगवेगळ्या मुळांच्या गटांचा समूह असतो. हे मतही त्यांच्या मुंबईच्या गुरूंपेक्षा, घुर्ये सरांपेक्षा वेगळं होतं. भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांचं त्यांनी सर्वेक्षण केलं. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

'युगान्त' पुन्हा वाचाल तेव्हा एक गोष्ट बघा. भीष्म असोत की कृष्ण, त्यांना देव्हाऱ्यात न बसवता बाई त्यांच्याकडे माणूस म्हणून बघतात. मोठ्या नावापुढे नजर खाली न घालणं ही सवय दोन्हीकडे एकच आहे.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रांनो, पाचवी ते आठवीच्या वर्गात एक सोपा उपक्रम घेऊन बघा. प्रत्येक मुलानं आपला उजवा आणि डावा तळपाय मिलिमीटरमध्ये मोजायचा. त्याआधी अंदाज लिहून ठेवायचा : दोन्ही सारखे असतील का, कुठला मोठा असेल? मग मोजायचं, तीनदा मोजायचं, आणि येईल ते लिहायचं. बऱ्याच मुलांचे पाय थोडेसे लहानमोठे निघतील. अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत. वहीत आकडा खोडून अंदाजाशी जुळवला असेल, तर मात्र थांबून बोलायचं. आणि एखाद्या मुलानं तुमचाच अंदाज चुकीचा ठरवला, तर सगळ्या वर्गासमोर त्याला शाबासकी द्या. पुढं कधी तो परदेशात गेला, तर ही शाबासकी त्याच्या कामी येईल.

आणि पालकहो, मूल जर्मनीला निघालं की आपण बॅगेत लोणचं देतो, मसाले देतो, स्वेटर देतो. सोबत एक गोष्ट सांगूनही पाठवा. गुण थोडे कमी पडले तर घरी कुणी रागावणार नाही, पण आकडा बदलू नकोस. इरावतीबाईंना किती गुण मिळाले हे आज कुणी विचारत नाही. त्यांनी काय मोजलं आणि काय लिहिलं, हे मात्र आजही सांगावंसं वाटतं.