विश्लेषण : वहीतल्या कोडपासून कम्पायलरपर्यंत… ग्रेस हॉपर यांनी ‘लायब्ररी’ यंत्रात कशी आणली?

कोडिंग शिकणारे अनेक जण कधी ना कधी स्वतःच्या छोट्या फंक्शन्सची एक फाइल बनवतात. तारीख नीट मांडणे, सरासरी काढणे अशी कामे दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत, हा हेतू. १९४४ मध्ये ही ‘फाइल’ म्हणजे चक्क वही होती. त्या वहीचे काम यंत्राकडे सोपवणाऱ्यांत अमेरिकी गणितज्ञ ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे.

हॉपर कोण होत्या?

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी, त्यानंतरही व्हॅसर महाविद्यालयात अध्यापन. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचे ठरवले, तर वय जास्त आणि वजन कमी भरले. वजनात सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांना हार्वर्डमधील ‘मार्क १’ या ५१ फूट लांब संगणकावर नेमण्यात आले. प्रोग्रॅमिंगचा अनुभव शून्य. यंत्राची माहितीपुस्तिकाही नव्हती. ती पुढे हॉपर यांनाच लिहावी लागली.

वहीत काय असे?

सूचना कागदी पट्टीवर छिद्रे पाडून दिल्या जात. कोनाची साइन काढण्यासारखे, तपासून बिनचूक ठरलेले तुकडे हॉपर आणि त्यांचे सहकारी वहीत उतरवून ठेवत व गरजेनुसार एकमेकांच्या वहीतून घेत.

मग अडचण कुठे आली?

नकलेत. हाताने उतरवताना इंग्रजी ‘बी’चा १३ होई. १९४९ पासून त्या ‘युनिव्हॅक’ बनवणाऱ्या कंपनीत होत्या. तिथे प्रत्येक तुकडा नव्या प्रोग्रॅममध्ये बसवताना त्यातील पत्ते बेरीज करून बदलावे लागत. एक बेरीज चुकली की अख्खा प्रोग्रॅम फसे. नक्कल आणि बेरीज ही तर यंत्राची कामे, मग ती माणसाने का करावीत, हा प्रश्न त्यांना पडला.

‘ए-०’ने काय बदलले?

१९५२ पर्यंत तयार झालेल्या ‘ए-०’मध्ये प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन तो चुंबकीय फितीवर साठवला गेला. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांक आणि आकडे द्यायचे. तुकडे शोधणे, पत्ते बदलणे आणि पूर्ण प्रोग्रॅम जुळवणे संगणक करे. आजच्या व्याख्येने हे काम ‘लिंकर’च्या जवळचे, पण हॉपर यांनी त्याला ‘कम्पायलर’ म्हटले. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असे मानणाऱ्यांनी सुरुवातीला त्याकडे पाठ फिरवली.

ही कल्पना एकट्या हॉपर यांची होती का?

नाही. केंब्रिजमध्ये विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी ‘एडसॅक’साठी अशीच लायब्ररी उभारून १९५१ मध्ये त्यावर पुस्तक काढले होते. ‘कोबोल’ही समितीने घडवली, मात्र तिच्यावर हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ची मोठी छाप होती.

पुढे काय झाले?

रिअर ॲडमिरल हॉपर १९८६ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आज एका ओळीत ‘इम्पोर्ट’ लिहून दुसऱ्याचे तपासलेले कोड वापरता येते, त्यामागे नकलेतल्या चुकांना कंटाळलेल्या या पिढीची मेहनत आहे.