चाकांवरचा गारवा : फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स



उन्हाळा सुरू झाला की गॅरेजवाल्यांकडे एक तक्रार हमखास येते. गाडीचा एसी चालू आहे, पंखा फिरतोय, पण हवा काही गार येत नाही. बहुतेक गाडीमालक स्वतःच निदान करून आलेले असतात की गॅस संपला आहे, तेवढा भरला की झालं. चांगला मेकॅनिक मात्र लगेच गॅस भरत नाही. आधी विचारतो, पाहतो, ऐकतो, हात लावून बघतो. कारण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि ती जागा सापडल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे पाण्यात घातलेले पैसे.

आधी बिघाड समजून घ्यायचा आणि मगच हत्यार हातात घ्यायचं, या एका सवयीवर ज्यांचं सगळं आयुष्य उभं राहिलं अशा माणसाची आज ओळख करून घेऊ. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स. शाळा अर्ध्यावर सुटलेली, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, आणि नावावर ६० हून अधिक पेटंट! त्यातली सुमारे ४० थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्रांशी संबंधित आहेत. धावत्या वाहनात गारवा टिकवायचा कसा, हा प्रश्न ज्यांनी खऱ्या अर्थाने सोडवला त्यांत जोन्स यांचं नाव फार वरचं आहे.

बालपण

फ्रेडचा जन्म १७ मे १८९३ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या परिसरात झाला. वडील गोरे, रेल्वेत काम करणारे, आई कृष्णवर्णीय. आईची साथ अगदी लहानपणीच सुटली. एकट्या वडिलांना मुलाला सांभाळणं जमेना, तेव्हा सात-आठ वर्षांच्या फ्रेडला त्यांनी ओहायो नदीपलीकडच्या एका कॅथलिक धर्मगुरूंच्या हवाली केलं. पुढे वडीलही वारले.

धर्मगुरूंकडे राहायला-खायला होतं, थोडंफार शिक्षणही मिळालं. बदल्यात झाडलोट आणि पडेल ते काम करावं लागे. पण या पोराचा जीव यंत्रात. एखादी वस्तू हाती आली की ती उघडून आत काय आहे ते पाहायचं, हा त्याचा नाद. अकरा-बारा वर्षांचा असताना तो तिथून निघाला आणि सिनसिनाटीच्या एका गॅरेजमध्ये झाडू मारायच्या कामाला लागला. मोटारी तेव्हा नव्यानेच रस्त्यावर येत होत्या. फ्रेड मेकॅनिकांच्या हाताकडे बघत शिकला, रात्री यंत्रांची आणि विजेची पुस्तकं वाचत बसला. काही वर्षांतच, मिसरूड फुटायच्या वयात, त्या गॅरेजच्या कामाची देखरेख त्याच्याकडे आली.

हॅलॉक गावातली वर्षं

१९१२ च्या सुमारास जोन्स उत्तरेकडे मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक गावी गेले. कॅनडाच्या सीमेजवळचं, हिवाळ्यात बर्फाने गोठून जाणारं छोटं गाव. वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची. एका प्रचंड मोठ्या शेतावर ट्रॅक्टर, मळणीयंत्रं आणि मोटारी दुरुस्त करण्याचं काम त्यांना मिळालं.

शेतावरच्या दुरुस्तीत एक गंमत असते. सुटा भाग मागवला तर यायला आठवडे लागतात, आणि कापणी तर आजच करायची असते. मग जे हाताशी आहे त्यातून भाग बनवावा लागतो. आपल्याकडचे गावातले मेस्त्री हेच करतात. जोन्स यांची खरी शाळा ही.

पहिल्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले आणि फ्रान्सला गेले. अमेरिकन सैन्यात त्या काळी काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. तिथेही विजेच्या तारा, दूरध्वनीची जोडणी, यंत्रांची दुरुस्ती हेच काम त्यांच्याकडे आलं.

परत आल्यावर हॅलॉकमध्ये त्यांनी काय काय केलं याची यादी मोठी आहे. गावच्या रेडिओ केंद्रासाठी ट्रान्समीटर बांधला. डॉक्टरांसाठी हलवता येणारं एक्स-रे यंत्र तयार केलं. शर्यतीच्या मोटारी बनवल्या आणि स्वतः चालवल्या. मूकपटांचा जमाना संपून बोलपट आले, तेव्हा गावच्या थिएटरला आवाजाची महागडी यंत्रणा परवडेना. जोन्स यांनी भंगारातले आणि हाताशी असलेले सुटे भाग जोडून ती तयार केली.

या कामाची कीर्ती मिनियापोलिस शहरातल्या जोसेफ न्यूमेरो यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांचा सिनेमागृहांना लागणाऱ्या यंत्रांचा व्यवसाय होता. १९३० च्या सुमारास त्यांनी जोन्स यांना कामावर घेतलं. वंशभेद उघडपणे पाळला जात होता, अनेक राज्यांत शाळा, हॉटेलं आणि रेल्वेचे डबेसुद्धा वेगळे होते, अशा काळातली ही गोष्ट आहे हे मुलांना जरूर सांगावं. तिकीट देणाऱ्या यंत्राचं पेटंट जोन्स यांना १९३९ मध्ये इथेच काम करताना मिळालं.

धावत्या गाडीत गारवा का टिकत नव्हता?

इथे थोडं विज्ञान लागेल. हाताला सॅनिटायझर लावलं की गार वाटतं, कारण द्रवाची वाफ होताना तो हातातली उष्णता शोषून घेतो. 'उष्णता' या पाठात आपण अप्रकट उष्मा शिकवतो, तो हाच. एसी आणि फ्रिज दोन्ही याच तत्त्वावर चालतात. कूलिंग कॉईलमध्ये कमी दाबाखाली द्रवाचा वायू होतो आणि आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. कंडेन्सरच्या जाळीत तो वायू उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव बनतो. मग बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून तो परत कॉईलमध्ये जातो. गॅस फिरत राहतो, उष्णता आतून बाहेर जात राहते.

घरातल्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद असतात आणि नळ्यांचे सांधे पक्के जोडलेले असतात. म्हणून तो वर्षानुवर्षं विनातक्रार चालतो. गाडीचं तसं नाही. खड्डे, धक्के, धूळ, इंजिनाची धग, सतत कमी-जास्त होणारा वेग, हे सगळं त्या यंत्राला सोसायचं असतं. इंजिनावरच्या पट्ट्याने कॉम्प्रेसर फिरवायचा तर त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो, आणि जिथून दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधून गॅस झिरपू शकतो. हादऱ्यांनी सांधे ढिले होतात, नळ्यांना तडे जातात.

१९३० च्या दशकात या अडचणींपुढे सगळे थकले होते. मांस, कोंबड्या, भाजीपाला ट्रकमधून नेताना बर्फाच्या लाद्या टाकत. वाटेत ट्रक बंद पडला किंवा उशीर झाला की बर्फ वितळे आणि माल नासे. मोटारींचीही तीच रड. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये एसी देऊ केला, पण त्यात कॉम्प्रेसर वेगळा करणारा क्लचच नव्हता. एसी पूर्ण बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे!

ट्रकवरचं यंत्र

१९३८ च्या सुमारास न्यूमेरो यांच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराचा कोंबड्यांचा माल असाच वाटेत नासला. गप्पांच्या ओघात न्यूमेरो यांनी ट्रकसाठी थंड करणारं यंत्र बनवून देण्याचं बोलून टाकलं, असं सांगतात. बोलले न्यूमेरो, पण करायचं होतं जोन्स यांना.

जोन्स यांनी आधीची यंत्रं का बंद पडतात ते पाहिलं. घरात किंवा कारखान्यात स्थिर उभं राहण्यासाठी केलेलं यंत्र ट्रकवर नुसतं बसवलं जात होतं. दोष यंत्राच्या तत्त्वात नव्हता, त्याला ज्या जागी राहायचं होतं त्या जागेचा विचारच झाला नव्हता. म्हणून त्यांनी सुरुवातच हादरे सोसणाऱ्या बांधणीपासून केली. दुसरं म्हणजे यंत्राला स्वतःचं छोटं इंजिन दिलं. ट्रक उभा असो की धावत असो, गारवा थांबायला नको.

पहिलं यंत्र ट्रकच्या खालच्या बाजूला बसवलं. ते चाललं, पण बोजड होतं आणि रस्त्यावरची धूळ-चिखल थेट त्यात जाई. जोन्स यांनी त्याचं वजन कमी केलं आणि यंत्र उचलून ट्रकच्या पुढच्या बाजूला, चालकाच्या केबिनच्या वर नेलं. तिथे चिखल कमी आणि वारा भरपूर. आजही हायवेवर फळांचा किंवा औषधांचा ट्रक दिसला तर केबिनच्या टपावर पुढे आलेला एक चौकोनी डबा दिसतो. ती जागा का, याचं उत्तर हे असं आहे.

पेटंट की बिघाडांची यादी?

जोन्स यांच्या पेटंटचे विषय एकाखाली एक लिहून काढले तर ती एखाद्या मेकॅनिकची तक्रारवही वाटते.

चालकाला दर तासाला उतरून इंजिन चालू-बंद करावं लागतं? मग आतलं तापमान पाहून इंजिन आपोआप चालू आणि बंद करणारी यंत्रणा.

कॉईलवर हवेतली वाफ गोठून बर्फाचा थर बसतो, हवा अडते आणि यंत्र चालू असूनही आतला माल तापतो? मग तो थर वितळवण्याची पद्धत.

मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत माल उलट गोठून खराब होतो? मग गरजेप्रमाणे गार किंवा गरम करणारं एकच यंत्र.

दुरुस्तीसाठी अख्खा ट्रक अडकून पडतो? मग काढता-बसवता येणारं यंत्र.

त्यांच्या वातानुकूलन यंत्राचं पेटंट, क्रमांक २४७५८४१, १२ जुलै १९४९ रोजी मंजूर झालं. न्यूमेरो यांनी या यंत्रांसाठी नवी कंपनी काढली होती. तीच पुढे थर्मो किंग या नावाने जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात रक्त, औषधं आणि अन्न आघाडीपर्यंत नीट पोहोचवायला जोन्स यांची यंत्रं कामी आली. युद्धानंतर गोठवलेल्या अन्नाचा व्यापार वाढला, दूरची फळं-भाज्या शहरात बारमाही मिळू लागल्या. नाशिकची द्राक्षं ज्या वातानुकूलित कंटेनरमधून बंदराकडे जातात, त्यांच्यामागेही हाच विचार आहे.

१९४४ मध्ये अमेरिकेतल्या शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेने जोन्स यांना सदस्यत्व दिलं. असा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. २१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिसमध्ये त्यांचं निधन झालं. तंत्रज्ञानासाठीचं अमेरिकेचं राष्ट्रीय पदक त्यांना आणि न्यूमेरो यांना १९९१ मध्ये मिळालं. तेव्हा जोन्स यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

आपल्यासाठी काय?

या चरित्राचा अर्थ शाळा नसली तरी चालतं, असा कृपा करून काढू नये. जोन्स आयुष्यभर शिकत राहिले, पुस्तकं वाचत राहिले. त्यांच्यासारख्या मुलाला धरून ठेवायला शाळा कमी पडली, ही बाजू आपण शिक्षकांनी पाहायची आहे. आपल्या वर्गातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. चाचणीत मार्क कमी, पण घरचा मिक्सर उघडून पुन्हा जोडलेला. त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात या कौशल्याला जागा कुठे आहे? घरी वस्तू उघडली म्हणून ओरडा बसतो, वर्गात आकृती नीट काढली नाही म्हणून. जोन्स यांना एका गॅरेजने आणि एका न्यूमेरोने संधी दिली. जिथे अशी दारं उघडली नाहीत, तिथली किती मुलं वाया गेली असतील याचा हिशेब कुठेच नाही.

वर्गात घेण्यासाठी

मुलांना पुढील लक्षणं द्या आणि गटात चर्चा करून कारण शोधायला सांगा. उत्तराइतकंच, ते कसं शोधलं हे महत्त्वाचं.

१. गाडी धावताना एसी गार, सिग्नलला थांबली की गरम हवा. (कंडेन्सरवर वारा कधी मिळतो? तिथला पंखा चालतो का? जाळीत धूळ आहे का?)

२. हवा गार आहे, पण येतेच कमी. (आतला फिल्टर तुंबला का? कॉईलवर बर्फ धरला का?)

३. नळीच्या सांध्यावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग. (कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं. मग गळती कुठे असेल?)

४. हिवाळाभर एसी लावला नाही आणि उन्हाळ्यात गॅस कमी निघाला. (तेल न फिरल्याने सील कोरडं पडलं का?)

पालकांनी हेच घरी करून बघावं. काही बिघडलं तर मेकॅनिक येईल तेव्हा मुलांना शेजारी उभं करावं, आणि तो काय करतो यापेक्षा आधी काय तपासतो, ते लिहून ठेवायला सांगावं. विजेच्या किंवा गॅसच्या भागाला हात मात्र मोठ्यांनीच लावायचा.