कलामंदिराचे निष्ठावंत सेवक : रावबहादूर धुरंधर

आपल्या पाठारे प्रभू ज्ञातीने मुंबई नगरीला जे कर्तबगार पुरुष दिले, त्यांत रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. चित्रकार म्हणून त्यांचा लौकिक सर्वश्रुत आहे. परंतु एकाच विद्यालयाशी त्यांनी राखलेली निष्ठा तितकीशी स्मरली जात नाही. तिचे स्मरण व्हावे, या हेतूने आम्ही हा अल्प परिचय वाचकांस सादर करीत आहोत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकलेची ओढ त्यांना बालपणापासूनच होती. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. ग्रिफिथ्स हे तेथील तत्कालीन प्रमुख. विद्यार्थिदशेतच, १८९५ साली, त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले आणि पुढल्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. १९३० साली त्या संस्थेच्या संचालकपदाची धुरा त्यांच्याकडे आली. परकीय अमलात या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. १९३१ साली ते निवृत्त झाले. आपल्या आत्मवृत्ताला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे नाव दिले, यातच त्यांच्या जीवनाचे सार आले.

अध्यापनाचा भार वाहूनही त्यांचा कुंचला कधी विसावला नाही. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी ४८ रंगीत चित्रे काढली. मुंबईच्या रस्त्यांवरील नाना जातींची, नाना धंद्यांची माणसे त्यांनी पोस्टकार्डांवर उतरविली. औंधचे कलाप्रेमी अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहातही त्यांच्या चित्रांना मानाचे स्थान मिळाले. १९४४ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई याच कलाशाळेच्या पदविकाधारक होत्या. पित्याची चित्रसंपदा त्यांनी दीर्घकाळ जिवापाड जपली.

१८५७ साली स्थापन झालेल्या या कलाशाळेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या संग्रहात पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांची व अध्यापकांची चित्रे आहेत. धुरंधर या दोन्ही नात्यांनी त्या परंपरेत उभे आहेत. विद्यार्थ्याचे हात घडत कसे गेले आणि त्याच हातांनी पुढे इतरांना कसे घडविले, हे अशा संग्रहातच उमगते. सुटे चित्र डोळ्यांना सुखविते. संग्रह मात्र गुरुशिष्यांची अखंड साखळी दाखवितो.

परंतु सारा ठेवा संस्थांच्याच स्वाधीन नसतो. जुन्या घरांतून पूर्वजांची तैलचित्रे, रेखाटने, छापील चित्रे आजही असतील. घर पाडताना वा वाटण्या होताना ती अडगळीत जातात. मुंबईच्या पावसाळ्यातील ओल उरलेले काम करते. ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, अशी चित्रे ओलसर भिंतीवर टांगू नयेत. चित्रातील व्यक्ती कोण, चित्रकार कोण, ते केव्हा काढले, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. सांभाळणे अशक्य झाल्यास ती रद्दीत न घालता एखाद्या योग्य संग्रहाकडे सोपवावीत.

नुसत्या अभिमानाने चित्रांचे रंग टिकत नाहीत. ज्या पुरुषाने एकेचाळीस वर्षे एका संस्थेची सेवा केली, त्याच्या स्मृतीस आपल्या घरातील एक चित्र नीट जपणे, हीच खरी आदरांजली ठरेल, असे आम्हांस वाटते.