संपादकाची पत

वृत्तपत्राची पत कशावर उभी असते, हे गोपाळ गणेश आगरकर यांच्या अल्पायुषी चरित्रातून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच अन्यत्र होईल. कऱ्हाडजवळील टेंभू येथे १८५६ साली गरीब घरात जन्मलेले आगरकर जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक झाले आणि वर्षभरातच कसोटीचा प्रसंग ओढवला.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे, अशा वार्तेने त्या वेळी महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून हाती आलेली पत्रे खरी मानून ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी त्यांच्यावर टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. आगरकर व टिळक यांनी क्षमायाचना केली; तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. सुटकेनंतर त्यांचे जंगी स्वागत झाले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये महाराजांचा अहमदनगर येथे नजरकैदेतच करुण अंत झाला. लोकांची चिंता निराधार नव्हती, हे खरे. परंतु चिंता रास्त असली म्हणून खोटा कागद खरा ठरत नाही, आणि जनतेचा जयजयकार हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी कसोटी याहून अवघड होती. सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास जाताच १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण या विषयांवर त्यांनी वाचकांना रुचणारे न लिहिता स्वतःस पटलेले लिहिले. त्याचे मोल म्हणून जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांना पाहावी लागली. दम्याने जर्जर झालेले आगरकर १८९२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, ते निवर्तले.

आज बातमी क्षणार्धात लाखोंच्या हाती पडते. ती पारखण्याचे कष्ट मात्र तेवढेच राहिले आहेत. हाती आलेला कागद तपासून घेणे, चूक झाल्यास ती उघडपणे मान्य करणे आणि वाचक रागावला तरी सत्य न सोडणे, यांवाचून वृत्तपत्राला पत मिळत नाही. वाचकानेही आपल्या मनासारखे छापणाऱ्यालाच विश्वासू समजण्याचा मोह आवरला पाहिजे.