हरि नारायण आपटे : वाचकाला कादंबरी वाचायला शिकवणारा लेखक

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात तुम्ही कथात्म साहित्याचे घटक अभ्यासले : कथानक, पात्रे, वातावरण, निवेदक. या घटकात आपण एका लेखकाचे चरित्र पाहणार आहोत. मराठी कादंबरीला ज्यांनी सामाजिक वास्तवाकडे वळवले, त्या हरि नारायण आपटे यांचे हे चरित्र आहे. ते वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा. कादंबरीत ‘मी’ म्हणून जो बोलतो, तो नेमका कोण असतो?

तुम्ही जव्हार किंवा मोखाड्याचे असाल, तर या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हांला आधीच ठाऊक आहे. बोहाड्याच्या रात्री संबळाच्या तालावर सोंगे नाचत येतात. नरसिंहाच्या मुखवट्यामागे आपल्याच गावातला माणूस आहे, हे पाहणाऱ्याला माहीत असते. तरीही समोर नरसिंहच आला आहे, हेही तो मानतो. या दोन जाणिवा एकाच वेळी मनात राहतात आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. कादंबरी वाचण्यासाठी लागणारी दृष्टी हीच होय.

जडणघडण

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. शिक्षण प्रथम मुंबईत आणि नंतर पुण्यात झाले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या सहवासाचा लाभ त्यांना विद्यार्थी म्हणून मिळाला. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर दीर्घ विलापकाव्य रचले. पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर केले, तेव्हा त्याचे विस्तृत परीक्षणही त्याने लिहिले. आपल्याच गुरूच्या ग्रंथाची चिकित्सा करण्याचे धैर्य त्याच्या ठायी होते. हरिभाऊ लेखक होण्याआधी चिकित्सक वाचक झाले होते, ही गोष्ट येथे लक्षात घ्या.

महाविद्यालयात त्यांनी स्कॉट, डिकन्स, रेनॉल्ड्स यांच्या कादंबऱ्या आवडीने वाचल्या, परंतु बी.ए.ची पदवी त्यांना मिळाली नाही. आज ज्यांच्या कादंबऱ्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात नेमल्या जातात, त्यांच्यापाशी स्वतःची पदवी नव्हती. नोकरी, शेती आणि संसार सांभाळून खंडित झालेले शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था पुढे हरिभाऊंनी सांभाळली. प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचे काम करता करताच ते समकालीन मराठी जीवनाच्या कादंबऱ्या लिहीत होते.

‘करमणूक’ आणि नवा वाचक

हरिभाऊंच्या आधी मराठीत कादंबरी नव्हती, असे नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि तिचा विषय विधवांची दुःस्थिती हाच होता. मात्र पुढच्या काळात ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांच्या मनाचा ताबा घेतला. राजपुत्र, सुंदर नायिका, विलक्षण योगायोग आणि अखेरीस मीलन, असे त्यांचे जग होते. या वाचकाला त्याच्याच घराच्या माजघरात नेणे हे हरिभाऊंपुढचे काम होते.

१८८५ मध्ये ‘मधली स्थिती’पासून त्यांनी त्याचा आरंभ केला. ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालवले. त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध होऊ लागल्या. क्रमशः वाचनाची रीत वेगळी असते. प्रकरण संपले की वाचकाला थांबावे लागते. मधल्या आठवड्यात तो पात्रांचा विचार करतो, घरात चर्चा करतो, पुढे काय होईल याचा तर्क बांधतो आणि नव्या अंकाबरोबर तो तर्क दुरुस्त करतो. परीक्षेच्या घाईत एका बैठकीत कादंबरी संपवण्यापेक्षा तुम्हीही ही रीत अवलंबून पाहा.

यमू कोण आहे?

‘करमणूक’च्या आरंभापासून १८९३ पर्यंत ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी प्रसिद्ध होत होती. तो काळ वादळी होता. रखमाबाईंच्या खटल्याचे पडसाद ताजे होते, आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ पासून निघत होता आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. सभांत आणि वृत्तपत्रांत स्त्रीजीवनावर पुरुष तावातावाने वाद घालीत होते. हरिभाऊंनी त्या वादात आणखी एका निबंधाची भर घातली नाही. त्यांनी यमू नावाच्या स्त्रीला बोलू दिले.

यमू आपली कहाणी स्वतः सांगते. भावाबरोबरचे बालपण, आईचे सोसणे, मैत्रीण दुर्गीची दैना, विवाह, मुंबईत पतीसह लाभलेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि अखेरीस शंकरमामंजींच्या पुढाकाराने बळजबरीने झालेले केशवपन. हे सारे तिच्याच तोंडून येते. लिहिणारा मात्र सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पुरुष आहे. हरिभाऊंनी येथे यमूचे सोंग घेतले आहे. त्या सोंगाआड ते इतके लपले आहेत, की वाचताना आपल्याला केवळ यमूच दिसते.

आता आणखी बारकाईने पाहा. कहाणी सांगणारी यमू प्रौढ आहे आणि कहाणीत वावरणारी यमू प्रथम लहान मुलगी आहे. लहान यमूला आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे, हे ठाऊक नाही. सांगणाऱ्या यमूला ते ठाऊक आहे. म्हणूनच बालपणीच्या खेळांची साधी वर्णनेही वाचकाला अस्वस्थ करतात. या दोन यमूंमधले अंतर ओळखणे ही वाचनातली एक महत्त्वाची पायरी आहे.

यानंतर हरिभाऊंनी लिहिलेल्या एका कादंबरीचे नावच ‘मी’ (१८९३–९५) आहे. परंतु तिच्यातला ‘मी’ हरिभाऊ नव्हेत. तो भावानंद आहे. जणू आधीचा धडा वाचकाच्या मनात पक्का व्हावा, म्हणूनच हे नाव दिले असावे, असे वाटते.

कादंबरीला प्रश्न विचारा

निवेदक आणि लेखक वेगळे आहेत हे कळले, की लेखकाला प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य वाचकाला मिळते. पुरुषाने लिहिलेल्या या स्त्रीकथेत काही राहून गेले आहे काय? १८८२ मध्येच ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून स्वतःच्या आवाजात सवाल केले होते. हरिभाऊंच्या स्नेही काशीबाई कानिटकर याही कादंबरीकार होत्या. या लेखिकांच्या शेजारी यमूला ठेवून वाचा.

दुसरा प्रश्न तुमच्या परिसरातून उभा राहतो. यमूचे जग पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण कुटुंबांचे आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी समाजांत विधवेच्या केशवपनाची रूढी नव्हती आणि पुनर्विवाह निषिद्ध नव्हता. मग या कादंबरीशी आपला काय संबंध, असे तुमच्या मनात आले, तर तो विचार दडपू नका, उत्तरपत्रिकेत मांडा. एका समाजाची कहाणी सर्व मराठी स्त्रियांची कहाणी ठरत नाही, हे निरीक्षण योग्यच आहे. मात्र स्वतःच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यावा आणि आपले म्हणणे कोणी ऐकूही नये, हा अनुभव कोणत्याही गावाला परका नाही. त्या अनुभवाच्या वाटेने यमू तुमच्यापर्यंत पोहोचते काय, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

समारोप

पुढील काळात हरिभाऊंनी ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ यांसारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. प्लेगच्या साथीत पुणे नगरपालिकेच्या माध्यमातून त्यांनी लोकांसाठी कष्ट घेतले. १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

यमूच्या कहाणीला त्यांनी दिलेले नाव हा एक प्रश्न आहे. तो यमूच्या घरातल्या माणसांना उद्देशून आहे, तसाच वाचकालाही. कादंबरी नीट वाचणे, म्हणजे कोण बोलते आहे, कोणाला बोलू दिलेले नाही आणि बोलणाऱ्यामागे कोण उभे आहे, हे लक्षात घेणे. तसे तुम्ही वाचलेत, तर हरिभाऊंच्या प्रश्नाचे एक उत्तर तुमच्यापाशी असेल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. बोहाड्यातील सोंग आणि कादंबरीतील प्रथमपुरुषी निवेदक यांत कोणते साम्य व कोणता भेद आढळतो?

२. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील कोणताही एक प्रसंग निवडा. तोच प्रसंग शंकरमामंजींच्या तोंडून दहा ओळींत लिहा. काय बदलले आणि का, ते नोंदवा.

३. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून तिच्या बालपणीची एक आठवण ऐका. सांगणारी आणि आठवणीतली व्यक्ती यांच्यातील अंतर कोठे जाणवले, ते लिहा.