भास्कराचार्यांचे कुट्टक आणि मोबाइलमधले कुलूप

आमच्या निजामपुऱ्यातही आता रक्ताचा रिपोर्ट अनेकदा कागदाआधी मोबाइलवर येतो. कुणाला मधुमेह, कुणाला क्षय, ही खासगी माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून ती गणिताने कुलूपबंद केलेली असते. अशा कुलपाची किल्ली घडवण्याची रीत भास्कराचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी शिकवली होती.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. साठी उलटून गेल्यावरही, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचला. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात ही हकीकत आहे. तो लेख उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड पेशाने डॉक्टर होते.

‘लीलावती’त कुट्टकाचे प्रकरण आहे. खलबत्त्यात औषध कुटावे, तसे भागाकार करत मोठ्या संख्या बारीक करायच्या. ही रीत आर्यभटांपासून चालत आलेली. ग्रहगणितात ती लागे. एक उदाहरण पाहा. ७ला कितीने गुणून ४०ने भागले तर बाकी १ उरेल? कुट्टक उत्तर देतो, २३.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी बनवलेल्या कुलपात हेच गणित आहे. ५ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ५५. ५५ आणि ७ सर्वांना सांगायचे. त्यांनी कुणीही कुलूप लावावे. उघडणारी किल्ली २३, ती आपल्यापाशी. ती काढायला ४० लागतो, म्हणजे ४ गुणिले १०, आणि तो मिळवायला ५५चे अवयव ठाऊक हवेत. खऱ्या कुलपात ५५च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या असते. तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

संकेतस्थळाची ओळख अशा किल्ल्यांनी पटवली जाते. मग दोन्ही बाजू एक तात्पुरती किल्ली ठरवतात आणि पुढची सारी माहिती तिनेच बंद होते. पत्त्याच्या सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ हीच त्याची खूण.

मात्र हे कुलूप फक्त वाट राखते. पलीकडे ठकच बसला असेल, तर माहिती सुरक्षितपणे त्याच्याच हाती पडते. म्हणून रिपोर्ट उघडताना पत्त्यातील नाव अक्षरन् अक्षर वाचा. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. तो दिला की कुलपाचा उपयोग संपतो.