तीन पिढ्यांचे कारकून : श्रीनिवास रामानुजन

कावेरीच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेश मराठी माणसास परका नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास स्थापन केलेली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत तेथे नांदली. त्याच मुलखातील कुंभकोणम् येथे १८२८ साली सर टी. माधवराव जन्मले आणि पुढे इंदूर व बडोदे येथील दिवाणगिरी त्यांनी गाजविली. परंतु आज आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत, तो मराठी नव्हता आणि दिवाणही झाला नाही. तो कारकून होता. कारकुनाचा मुलगा आणि कारकुनाचा नातू. पोटासाठी गाव सोडून दूर आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांस त्याची हकीकत जवळची वाटेल, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, इरोड येथे झाला. घर मात्र कुंभकोणम्‌चे, सारंगपाणी मंदिरासमोरील रस्त्यावरचे. वडील श्रीनिवास अय्यंगार तेथील रेशमी साड्यांच्या दुकानात कारकून होते. आजोबांनीही आयुष्यभर हेच काम केले होते. भातशेतीने समृद्ध झालेल्या आसपासच्या गावांतून लग्नसराईत लोक साड्या घेण्यास येत आणि वडील त्यांच्यापुढे भारी वस्त्रे उलगडीत. कापडाची पारख त्यांना उत्तम होती. पगार महिना सुमारे वीस रुपये. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणून थोडी प्राप्ती करी आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले घरी जेवावयास व राहावयास ठेवी. घरात आळस कोणालाच नव्हता. तरी महिनाअखेरीस हाती काही उरत नसे. राबणाऱ्या घरचे दारिद्र्य ते हे.

मुलगा शाळेत पहिला येई. १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात अग्रेसर ठरला. १९०४ मध्ये टाऊन हायस्कूलने त्यास गणिताचे पारितोषिक दिले. कागद महाग, म्हणून गणिते पाटीवर होत आणि कोपराने पुसली जात. त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो सरकारी कॉलेजात गेला. परंतु गणितावाचून दुसऱ्या विषयात त्याचे मन रमेना. इंग्रजीत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. फी होती एका सत्राची बत्तीस रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. आई प्राचार्यांकडे गाऱ्हाणे घेऊन गेली. उपयोग झाला नाही.

येथे या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग येतो. सतरा वर्षांचा तो मुलगा ऑगस्ट १९०५ मध्ये कोणास न सांगता घरातून निघून विशाखापट्टणमला गेला. आईवडिलांना वृत्तपत्रात शोधाची जाहिरात द्यावी लागली. चार माणसांत कौतुक झालेल्या मुलास फीपायी मान खाली घालावी लागते, तेव्हा त्याच्या मनाचे काय होत असेल, हे आम्ही सांगावयास नको. उपास तो सोसू शकत होता; नामुष्की त्यास सोसली नाही.

पुढे तो मद्रासच्या पच्चय्यप्पा कॉलेजात शिकला, पण फर्स्ट आर्ट्‌सची परीक्षा त्यास उत्तीर्ण होता आली नाही. १९०९ मध्ये जानकी या लहान मुलीशी त्याचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली. घरी पैसे नव्हते, एका डॉक्टरने ती फुकट केली. पदवी नाही, नोकरी नाही, अशा स्थितीत दोन जाडजूड वह्या काखेत घेऊन तो दारोदार हिंडू लागला. तिरुक्कोयिलूरचे डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर हे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक होते. महसूल खात्यातील हलकी कारकुनी या बुद्धीचा चुराडा करील, हे ओळखून त्यांनी नोकरी न देता ओळखपत्रे दिली. त्यांतून तो नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव यांच्यापर्यंत पोहोचला. अंगावर मळकट कपडे, दाढी वाढलेली. परंतु वही उघडल्यावर रामचंद्ररावांनी माणूस ओळखला. महिना पंचवीस रुपये ते पदरचे पाठवू लागले. एवढे असूनही दुसऱ्याच्या उपकारावर फार काळ जगणे रामानुजन यांच्या मनास रुचेना. वर्षभराने त्यांनी नोकरी शोधली.

१९१२ च्या आरंभी काही आठवडे अकाउंटंट जनरलच्या कचेरीत वीस रुपयांवर, आणि १ मार्चपासून मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांवर ते कारकून झाले. सरकारी कचेरीत उभे आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्या तीस रुपयांचे मोल कळते. तीन पिढ्यांत प्रथमच घरातील कारकुनास निश्चित वेळेचा, निश्चित पगाराचा आधार मिळाला. वरिष्ठ नारायण अय्यर व अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांच्या गणितास उत्तेजन दिले. गोदीत मिळेल तो गुंडाळण्याचा कागदही ते लिहावयास उचलीत.

१६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र धाडले. त्याच्या आरंभीच आपण कारकून असल्याचे आणि वर्षाला अवघे वीस पौंड मिळत असल्याचे त्यांनी निःसंकोच लिहिले. फीपायी घर सोडून गेलेला मुलगा आता आपली गरिबी लपवीत नव्हता. मे महिन्यापासून मद्रास विद्यापीठाने महिना पंचाहत्तर रुपये दिले; मार्च १९१४ मध्ये ते विलायतेस गेले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. प्रकृती मात्र खालावली होती.

११ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी विद्यापीठास लिहिलेले पत्र आम्हांस त्यांच्या प्रमेयांइतकेच मोठे वाटते. विद्यापीठाने वार्षिक अडीचशे पौंड देऊ केले होते. त्यांतील पन्नास आईवडिलांस द्यावे आणि आपला आवश्यक खर्च भागून उरेल ते गरीब व पोरक्या मुलांची फी कमी करण्यास व शाळांतून पुस्तके पुरविण्यास लावावे, असे त्यांनी कळविले. बत्तीस रुपयांचे शल्य चौदा वर्षे मनात राहिले होते. त्याचे त्यांनी असे सोने केले.

मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रासला निवर्तले. कीर्ती राहिली, पैसा राहिला नाही. जानकीबाई काही वर्षे मुंबईस भावाकडे राहून शिवणकाम शिकल्या आणि पुढे मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये वीस रुपयांच्या पेन्शनवर व शिवणाच्या कमाईवर राहिल्या. जगातील गणिती ज्यांच्या सूत्रांवर ग्रंथ लिहीत होते, त्यांची पत्नी शेजारणींचे कपडे शिवीत होती. तरीही एका दिवंगत मैत्रिणीच्या पोरक्या मुलास त्यांनी आपला मानून शिकविले, मार्गी लावले. पतीने पत्रात व्यक्त केलेली इच्छा पत्नीने सुईदोऱ्याने पुरी केली. १९९४ मध्ये त्या वारल्या. कुंभकोणम्‌चे ते लहानसे घर आता स्मारक म्हणून जतन केले आहे.

मंडळाच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना आपण इमारत, नाटके, गणेशोत्सव यांची नोंद करू, ती करावीच. परंतु फीसाठी अडलेला एखादा मुलगा आपल्या दाराशी आला, तर त्यास मान खाली घालावी न लागता मदत मिळावी, एवढी तजवीज पुढील पन्नास वर्षांत आपल्या हातून व्हावी, ही आमची नम्र इच्छा.